बिनचहाचे तीन दिवस

कोट अंगात जायला तयार नव्हता. कोटाचा दोष नव्हता, शिंप्याने दोनदा घरी येऊन माप घेतलं होतं. पण आप्पांचा डावा हात मागे जात नव्हता. थोरली सून कोट धरून पाठीमागे उभी होती आणि शहात्तर वर्षांचे आप्पा खोलीच्या मधोमध हात लांब करून उभे होते.

"हात जरा मागे न्या, आप्पा."

"नेलाय की."

"अजून थोडा."

"अगं, हात कशाला, सगळा मीच येतो मागे," असं म्हणून आप्पा खरोखरच दोन पावलं मागे आले आणि बाहीत शिरले.

सगळे हसले. आई स्वयंपाकघराच्या दारात हात पुसत हसली, थोरला मुलगा, म्हणजे दादा, खुर्चीत बसून हसला. धाकटा मुलगा, भाऊ, तेवढा हसला नाही. तो बाहेरच्या दाराशी उंच स्टुलावर बसला होता, कारण खुर्चीत बसला तर उठताना दोघांनी धरावं लागायचं आणि आज त्याला या घरात कोणाचा हात धरायचा नव्हता.

कोट उद्यासाठी होता. सोमवारी सकाळी कारखान्याची गाडी आप्पांना न्यायला येणार होती, तीही दारापर्यंत. चौकशी समितीपुढे आप्पांची साक्ष होती. दादाने आणलेला टंकलिखित कागद टेबलावर पाण्याच्या तांब्याखाली दाबून ठेवला होता: मी एकतीस वर्षं तिसऱ्या लाइनीवर काम केलं, माझ्या तपासणीचे सगळे अहवाल स्वच्छ आहेत, मला धुराचा कधीही त्रास झाला नाही. खाली सहीसाठी रेघ. चष्मा सापडत नाही म्हणून आप्पांनी पंधरा दिवस सही टाळली होती, आणि चष्मा त्यांच्या नाकावर होता.

आता या घराला कशाचा अभिमान होता तेही सांगायला हवं. तिसरी लाइन म्हणजे अॅल्युमिनियमच्या पॉटची रांग. एकेक पॉट खोलीएवढी पोलादी पेटी, आत वितळलेला धातू, वर कडक कवच. ते कवच सळईने फोडायचं, आत पांढरी पूड सोडायची, आणि फोडलेल्या जागेतून उसळणारा धूर नाकातोंडात घेत पुढच्या पॉटकडे जायचं. धुरात फ्लोराइड असतं, हे शाळा न शिकलेल्या माणसालाही ठाऊक होतं, कारण पॉटरूमच्या खिडक्यांच्या काचा दोन वर्षांत आंधळ्या व्हायच्या. तिथलं चुंबक इतकं जबर की मनगटावरचं घड्याळ बंद पडायचं. म्हणून या घरातल्या पुरुषांच्या मनगटावर कधी घड्याळ नसे, आणि त्या मोकळ्या मनगटाला वस्तीत मान होता. आप्पा तर पॉटच्या नुसत्या आवाजावरून सांगत की हा अजून दहा मिनिटांत बिघडणार, आणि तो बिघडायचा. इंजिनियर लोक वही घेऊन त्यांच्या मागे फिरत. ही कर्तबगारी खरी होती, त्यात काडीचीही भेसळ नव्हती.

वर्षातून दोनदा लघवी तपासली जायची. कामाच्या पाळीआधीची एक बाटली, पाळी संपल्यावरची एक. फ्लोराइडचा आकडा चढला की माणसाला लाइनीवरून उतरवत आणि मैदानात राख उचलायला लावत. 'उतरवला' हा शब्द वस्तीत संध्याकाळच्या आत घरोघर पोचायचा. आप्पा सव्वीस वर्षांच्या तपासण्यांत एकदाही उतरले नाहीत. पॉटरूमच्या दारावर त्यांचा फोटो लावला होता आणि लोक त्यांना बिनधुरे आप्पा म्हणत. दादाही तीस वर्षांत उतरला नव्हता, आज तो त्याच लाइनीचा सुपरवायझर होता.

भाऊ मात्र तीनदा उतरला. बावीस वर्षांची नोकरी करून दोन वर्षांपूर्वी घरी बसला, तेव्हा त्याची मान वळत नव्हती आणि पाठ दारासारखी सपाट झाली होती. त्याने आणि आणखी नऊ जणांनी अर्ज केला होता, की हा आजार कामाने झाला असं लिहून द्या. कारखान्याचं म्हणणं अगदी सरळ होतं. तीच लाइन, तोच धूर. बाप स्वच्छ, थोरला भाऊ स्वच्छ. म्हणजे दोष धुरात नाही, या माणसाच्या शरीरात आहे. आणि हे सांगायला उद्या त्याचा बापच कोट घालून जाणार होता.

अर्ज केल्यापासून दादा आणि भाऊ बोलत नव्हते. आज आईने सगळ्यांना जेवायला बोलावलं होतं, एकत्र बसतील तर निदान मीठ तरी मागतील एकमेकांना, या आशेवर.

*

चिमी अकरा वाजता आली. एक्केचाळीस वर्षांची, केस पिकायला लागलेली, सरकारी दवाखान्याच्या प्रयोगशाळेत वीस वर्षं काम केलेली. पण शेंडेफळ म्हणून घरात अजून चिमीच. आल्या आल्या ती नेहमी आधी आईच्या गळ्यात पडायची, आज पडली नाही. चप्पल काढून ती सरळ टेबलाशी आली, तांब्याखालचा कागद तिने वाचला आणि परत जागेवर ठेवला.

शुक्रवारपासून तिला धड झोप नव्हती. समितीने कारखान्याच्या जुन्या नोंदवह्या तपासायला तिच्या प्रयोगशाळेकडे पाठवल्या होत्या, आणि आकडे जुळवायचं काम तिच्याकडे आलं होतं. बापाच्या नावाचं पान आलं तेव्हा तिने ते कौतुकाने शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीला दाखवलंसुद्धा. मग तिने तेच पान पुन्हा वाचलं. पाळीच्या आधीचा आकडा आणि पाळीनंतरचा आकडा सारखा. आठ तास धुरात राहूनही सारखा. एकदा नाही, दरवेळी.

"आई," ती म्हणाली, "माझ्या वेळी तुला साखर झाली होती ना?"

"झाली होती. तू झालीस आणि गेली. का गं?"

"आणि आप्पा, तुम्हाला कधी साखर होती?"

आप्पा आरशासमोर कोटाची गुंडी लावत होते. "मला कशाला असेल साखर?" ते म्हणाले. मग थोडं थांबून म्हणाले, "हां, एकदा निघाली होती. डॉक्टरने चार महिने गोड बंद केलं. मग गेली आपोआप."

"कोणत्या साली?"

आप्पांनी गुंडी लावली, काढली आणि पुन्हा लावली.

"मी सांगते," चिमी म्हणाली. "माझ्या जन्माच्या दोन महिने आधी. आणि एकट्या तुम्हाला नाही. तिसऱ्या लाइनीतल्या अकरा जणांना, एकाच दिवशी. अकराही जणांचा साखरेचा आकडा तंतोतंत सारखा. डॉक्टरने खाली शेरा मारलाय, तिसऱ्या लाइनीला मिळणारा चहा फार गोड असावा, चौकशी करावी."

"म्हणून चार महिने अख्ख्या कारखान्याला फिका चहा मिळाला," आप्पा नकळत बोलून गेले. "कॅन्टीनवाल्याला लोक मारायला उठले होते." आणि मग आपण काय बोललो हे कळून त्यांनी परत गुंडीला हात घातला.

चिमीला एकाएकी लहानपण आठवलं. वर्षातून दोनदा आई तीन दिवस चहा सोडायची. डोकं धरून बसायची, कपाळाला ओला रुमाल बांधायची, आणि त्या तीन दिवसांत तिच्या वाटेला जायची कोणाची छाती नव्हती. मुलांनी त्याला नावच पाडलं होतं, बिनचहाचे तीन दिवस. का सोडतेस, असं विचारलं की आई म्हणायची, मोठी झालीस की कळेल. चिमी मोठी झाली, कितीतरी गोष्टी शिकली, चहाच्या पानात फ्लोराइड असतं हेही शिकली, पण या दोन गोष्टी तिने शुक्रवारपर्यंत कधी एकमेकींशेजारी ठेवल्या नव्हत्या.

"अकराही बाटल्या तुझ्या होत्या ना, आई?"

आईने पदराला हात पुसले. ते केव्हाच कोरडे झाले होते. "अकराच," ती म्हणाली. "बारावा होता तो दोन्ही बाजूंनी बोलणारा, त्याला आम्ही कधी सांगितलं नाही. बाटली आदल्या दिवशी घरी द्यायचे. भरायची, फडक्यात गुंडाळायची आणि डब्याबरोबर द्यायची. पाळीनंतरचीही सकाळीच जायची. आपल्या विहिरीचं पाणी चांगलं होतं आणि माझी तब्येत ठणठणीत होती. बाकीच्या बायकांना भीती वाटायची, मला नाही वाटली."

"सव्वीस वर्षं?"

"सव्वीस वर्षं. अकरा घरं माझ्या जिवावर लाइनीवर टिकली," आई म्हणाली, आणि तिच्या आवाजात लाज कमी आणि अभिमान जास्त होता. तिला तो लपवताही आला नाही.

*

दादा उठला. उठायला त्याला खुर्चीच्या दोन्ही हातांचा आधार घ्यावा लागला, पण तो असा काही उठला की रागानेच उठला असं वाटावं. ही युक्ती त्याने गेल्या तीन वर्षांत साधली होती.

"झालं ते झालं," तो म्हणाला. "चाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. ती या खोलीतून बाहेर जाणार नाही."

"दादा, समितीला उद्या संध्याकाळपर्यंत मला अहवाल द्यायचाय."

"दे ना. आकडे जुळले म्हणून दे. तुला कोण विचारणार आहे?"

"मीच विचारणार आहे, मला."

"वा," दादा म्हणाला. "म्हणजे आप्पांचा फोटो उतरवायचा, आईला खोटारडी ठरवायचं, ज्या घराचं नाव घेऊन लोक पोरांना कामाला लावतात त्या घराची शोभा करायची. कशासाठी?"

"माझ्यासाठी," भाऊ दारातून म्हणाला.

दोन वर्षांत पहिल्यांदा तो दादाशी बोलला होता. मान वळत नसल्यामुळे तो सगळ्या अंगाने स्टुलावर फिरला, आणि दादाकडे न बघता आप्पांकडे बघून म्हणाला, "मला तीनदा उतरवलं. पहिल्या वेळी तुम्ही चार दिवस माझ्याशी बोलला नव्हता, आप्पा. शेजारी बसून लोकांना सांगत होता, पोरगा चांगला आहे पण हाड हलकं आहे त्याचं. परवा समितीने हाडांचा फोटो काढला तर त्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हाड खडूसारखं पांढरंफटक झालंय, भलतंच भरलंय. हलकं नाही, आप्पा. जड आहे. मी माझीच बाटली देत होतो."

"तू आईला सांगायचं होतंस," दादा म्हणाला.

"काय सांगायचं होतं? मला माहीत कुठे होतं? तुला कोणी सांगितलं?"

उत्तर चहाचा ट्रे घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर आलं. दिवसभर कितीही गदारोळ होवो, या घरात वेळेवर चहा द्यायचं काम थोरल्या सुनेचं होतं आणि सव्वीस वर्षांत तिने ते चुकवलं नव्हतं. तिने सगळ्यांपुढे कप ठेवले. आप्पा, आई, दादा, चिमी, आणि भाऊच्या हातात, कारण त्याला वाकता येत नव्हतं. ट्रेमध्ये सहावा कप नव्हता.

चिमीने ट्रेकडे बघितलं. "वहिनी, तुझा चहा?"

"मला नको."

"कधीपासून?"

वहिनी ट्रे पोटाशी धरून उभी राहिली.

"दादाची तपासणी बुधवारी आहे ना?" चिमीने विचारलं.

"तू आत जा," दादा बायकोला म्हणाला.

ती गेली नाही. लग्न होऊन आली त्या वर्षी सासूने तिला मागच्या अंगणात नेऊन हळूच सांगितलं होतं, बाटली कशी धुवायची, फडकं कसं बांधायचं, चहा किती दिवस आधी सोडायचा. सासूकडून सुनेला मिळालेली ती पहिली विश्वासाची गोष्ट होती, आणि त्या विश्वासाने ती किती फुलून गेली होती हे तिला आजही आठवत होतं. भाऊचं लग्न झालं नाही, उतरवलेल्याला वस्तीत मुलगी कोण देणार? ही गोष्ट बायकांकडून बायकांकडे जायची आणि भाऊपर्यंत यायला मध्ये बाईच नव्हती.

"मी रोज सकाळी यांच्या बुटांच्या नाड्या बांधते," वहिनी म्हणाली. तिने ते कोणा एकाला उद्देशून म्हटलं नाही. "दाराआड बांधते, मुलांना दिसू नये म्हणून. मोजे मी घालते. रात्री कूस बदलायची तर मला उठवतात. आणि कारखान्यात म्हणे यांचा आकडा गेल्या खेपेला सगळ्या लाइनीत उत्तम. मग काय, उत्तमच येणार. मी कुठे पॉटवर जाते?"

"गप्प बस म्हटलं ना."

"सव्वीस वर्षं गप्पच होते."

ती स्वयंपाकघरात गेली. कप ठेवल्याचा आवाज आला, किटलीचा आवाज आला. ती काठोकाठ भरलेला कप घेऊन परत आली आणि सगळ्यांच्या देखत, उभ्याउभ्या, शेवटच्या घोटापर्यंत चहा प्यायली. मग तिने ओठ पुसले.

"आता बुधवारी तुमची तुम्ही भरा," ती नवऱ्याला म्हणाली. आणि खरं सांगायचं तर तिच्या चेहऱ्यावर त्या वेळी जे तेज होतं ते लग्नाच्या फोटोतही नाही.

आईने सुनेकडे बघितलं आणि ती जागची उठून सुनेच्या शेजारी जाऊन उभी राहिली. दादाने ते पाहिलं आणि खाली बसला. या वेळी बसताना त्याच्या तोंडून आवाज निघाला, आणि तो लपवायचं त्याच्या लक्षात राहिलं नाही.

*

आप्पा आतल्या खोलीत गेले होते. आई मागून गेली तेव्हा ते पलंगाच्या कडेला कोटासकट बसले होते. कोट काढायचा होता, पण एकट्याला निघत नव्हता.

"थांबा, मी धरते."

"राहू दे."

ती शेजारी बसली. पन्नासाहून जास्त वर्षं ती या माणसाशेजारी बसत आली होती आणि त्याचं गप्प राहणं तिला पाठ होतं. हे रागाचं गप्प राहणं नव्हतं.

"मला सगळं कळत होतं," आप्पा म्हणाले. "पोरगा पहिल्यांदा उतरला तेव्हाच कळलं. त्याचा आकडा खरा आणि माझा खोटा. पण लोक म्हणायचे, बिनधुरे आप्पा, आणि मला वाटायला लागलं की खरंच मला धूर लागत नाही. माणूस किती मूर्ख असतो बघ."

"मीही मूर्ख. मला वाटलं, मी घर वाचवतेय."

"तू वाचवलंस ना. त्या वेळी उतरवलं असतं तर राख उचलत बसलो असतो."

"राख उचलली असती," आई म्हणाली, "पण आज कोट घालता आला असता."

आप्पा हसले नाहीत. त्यांनी मान वळवायचा प्रयत्न केला, मान वळली नाही, म्हणून ते सगळ्या अंगाने तिच्याकडे वळले. "मी जाऊन काय सांगू? सगळ्यांसमोर म्हणू, की हा मोठा पॉटवाला बायकोच्या जिवावर पॉटवाला होता?"

"तुम्ही पॉटवाले होताच. पॉट काय मी ऐकत होते? बाटली तेवढी माझी."

"मला नाही जमायचं ते बोलणं."

"मग नका बोलू," आई म्हणाली. "आकडे माझे आहेत. साक्ष मी देते."

आप्पांनी कोटाची गुंडी सोडली. मग म्हणाले, "कोट काढ हा. उद्या घालायचाय, चुरगळेल."

बाहेर येऊन आईने टेबलावरचा टंकलिखित कागद तांब्याखालून काढला, चौकोनी घडी घातली आणि भाऊच्या लंगड्या स्टुलाच्या पायाखाली सरकवली. "मघापासून डुगडुगतंय," ती म्हणाली. "चला, पानं घेते. सगळे बसा."

बसताना दादाला आणि भाऊला एकमेकांच्या खांद्याचा आधार घ्यावा लागला. कोणी कोणाला धरलं हे सांगणं कठीण होतं.

*

समिती कारखान्याच्या प्रशिक्षणाच्या हॉलमध्ये बसली होती. लांब टेबल, मागे तिघे: मधे निवृत्त न्यायाधीश, एका बाजूला वयस्क इंजिनियर, दुसऱ्या बाजूला हाडांची डॉक्टरीणबाई. समोरच्या खुर्च्यांत अर्जदार दहा, त्यांच्या बायका, आणि तिसऱ्या लाइनीतले हयात असलेले म्हातारे, अकरापैकी सात. मागच्या भिंतीवर आप्पांचा फोटो होता. खास आजच्यासाठी पॉटरूमच्या दारावरून काढून इथे लावला होता.

आप्पांचं नाव पुकारलं गेलं. ते कोट घालून उठले आणि त्यांच्याबरोबर आई उठली.

"साक्ष यांची आहे, बाई," कारखान्याचा वकील म्हणाला. "आपण बसा."

"त्या वहीवर साक्ष आहे ना?"

"हो."

"मग ती माझी आहे. त्या वहीतले आकडे माझे आहेत."

न्यायाधीशांनी चष्मा वर केला. आईने सगळं सांगितलं, फडकं, डबा, चहा, अकरा बाटल्या, काही न वगळता आणि काही न रंगवता, जसं ती शेजारणीला वाण्याकडची खबर सांगायची. सुरुवातीला कोणीतरी हसलं. मग सात म्हाताऱ्यांपैकी एकाने उभं राहायचा प्रयत्न केला, जमलं नाही म्हणून बसल्या बसल्या हात वर केला आणि म्हणाला, "माझी बाटली या बाईंनीच भरली." दुसऱ्यानेही हात वर केला. तो खांद्यापर्यंतच गेला, त्याच्या वर जात नव्हता. मग सगळे सात. हसणं थांबलं होतं.

"बाई," न्यायाधीश म्हणाले, "आपण या कारखान्यात कधी काम केलंय?"

"एक दिवसही नाही," आई म्हणाली. "म्हणून तर आकडे इतके चांगले आहेत."

"याला पुरावा काय?" वकिलाने विचारलं. "चाळीस वर्षांनी कोणीही उठून काहीही म्हणेल."

"पुरावा आहे ना," आई म्हणाली आणि चिमीकडे बोट केलं. "एक्केचाळीस वर्षांची आहे. तिच्या वेळी मला साखर झाली, ती अकरा पुरुषांना लागली. वहीत बघा, तारीख आहे. दवाखान्यात तिच्या जन्माची तारीख आहे. पुरुषांना कशाने होईल ती साखर, तुम्हीच सांगा."

डॉक्टरीणबाईंनी चिमीचा अहवाल मागून घेतला. तो त्यांनी दोनदा वाचला आणि न्यायाधीशांपुढे सरकवला. हॉलमध्ये नुसती पानं उलटल्याचा आवाज येत होता. चिमी आईकडे बघत होती. आईची उंची जेमतेम टेबलाच्या वर होती, पदर एका खांद्यावरून घसरला होता, आणि चिमीला वाटलं की भिंतीवर फोटो लावायचाच होता तर हिचा लावायला हवा होता. तिला अभिमानाने रडू आलं आणि तिने ते येऊ दिलं.

"हे आकडे बाद समजावे लागतील," न्यायाधीश हळूच म्हणाले. "मग या लाइनीचे खरे आकडे कोणते?"

"उतरवलेल्यांचे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "या वहीत तेवढेच खरे दिसतात." त्यांनी भाऊकडे पाहिलं. "बाकीच्यांचे आजही घेता येतील. धूर सोडून वीस वर्षं झाली तरी हाडं फ्लोराइड धरून ठेवतात, थोडं थोडं बाहेर टाकत राहतात. हाडांचे फोटोही काढू. ज्यांची तयारी असेल त्यांनी नमुना द्यावा."

भाऊ मागच्या रांगेत भिंतीला टेकून उभा होता. इतकी वर्षं तो घराण्यातला पहिला उतरवलेला होता. आता त्याच्याकडे वळून बघणाऱ्या लोकांची नजर निराळी होती आणि त्याला ती कुठे ठेवावी ते कळत नव्हतं.

शिपायाने खोक्यातून बाटल्या काढून टेबलावर मांडल्या. झाकणं पांढरी, वर नावाची पट्टी कोरी. आप्पा अजून उभेच होते. ते टेबलापाशी गेले, एक बाटली उचलली आणि परत फिरले. समोर आई होती. तिने काही विचार न करता, सव्वीस वर्षांच्या सवयीने, बाटली घ्यायला हात पुढे केला.

"नाही," आप्पा म्हणाले. "ही माझी आहे."

त्यांनी कोट काढायला सुरुवात केली. डावा हात अडकला. भाऊ भिंतीपासून सुटून सावकाश पुढे आला, बापाच्या मागे उभा राहिला आणि त्याने कोट धरला. दोघांच्याही माना वळत नव्हत्या, त्यामुळे काम अंदाजानेच झालं. कोट निघाला. आप्पा ताठ चालत हॉलच्या कोपऱ्यातल्या स्वच्छतागृहाच्या दाराकडे गेले. त्यांच्या मागोमाग सात म्हातारे एकेक बाटली उचलून रांगेत उभे राहिले, आणि सर्वांत शेवटी, सुपरवायझरचा बिल्ला छातीवर असताना, दादा येऊन उभा राहिला. त्याच्या एका बुटाची नाडी सुटली होती. त्या दिवशी पहिल्यांदाच वहिनीने ती सर्वांच्या देखत, खाली बसून बांधली.

आप्पा परत आले. त्यांनी बाटली टेबलावर ठेवली. शिपायाने पेन काढून पट्टीवर टेकवलं आणि वर न बघता विचारलं, "कोणाची?"

"माझी," आप्पा म्हणाले, आणि शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात पुन्हा म्हणाले, "माझी स्वतःची."